नगरांच्या उष्ण रात्री

इ. स. ६४च्या जुलै महिन्यात रोम शहराला आग लागली आणि शहराचा फार मोठा भाग बेचिराख झाला. नीरो बादशहाने ते पुन्हा वसविले ते निराळ्याच पद्धतीने. पूर्वीचे वाकडेतिकडे बोळ गेले, रुंद व सरळ रस्ते आले, घरांच्या उंचीला मर्यादा पडली आणि ठिकठिकाणी मोकळी पटांगणे सोडण्यात आली. पुन्हा आग लागल्यास ती पसरू नये हा त्यामागील हेतू होता आणि तो शहाणपणाचाच होता. परंतु या नव्या रचनेची हकीकत सांगताना टॅसिटस या रोमन इतिहासकाराने एक कुरकुर नोंदवून ठेवली आहे. काही लोकांच्या मते जुने रोमच प्रकृतीला अधिक मानवत असे. कारण अरुंद गल्ल्या आणि उंच घरे यांमुळे ऊन आत शिरत नसे. आता मात्र सावलीला पारख्या झालेल्या उघड्या जागा अधिकच भाजून निघू लागल्या होत्या.

शहर जसे बांधावे तशी त्याची हवा बनते, ही जाणीव इतकी जुनी आहे. परंतु कुरकुर निराळी आणि मोजमाप निराळे. रोमच्या त्या नागरिकांपाशी तापमापक नव्हता. तो यायला आणखी सोळाशे वर्षे लागली. आणि तापमापक आल्यावरसुद्धा शहराची हवा गावाबाहेरच्या हवेशी ताडून पाहावी, हे कोणाला सुचायला आणखी बराच काळ जावा लागला. १६६१ साली जॉन एव्हलिन या इंग्रज गृहस्थाने लंडनच्या धुरावर एक जळजळीत पुस्तिका लिहून दुसऱ्या चार्ल्स राजाला सादर केली. दगडी कोळसा जाळणारे धंदे शहराबाहेर न्यावेत आणि शहराभोवती सुवासिक झाडांची लागवड करावी, असे त्याने सुचविले होते. राजाने पुस्तिका वाचून संतोष दर्शविला. कोळसा पूर्वीप्रमाणेच जळत राहिला. एव्हलिनच्या लेखणीत आवेश आहे, पण आकडा नाही.

आकडा दिला तो ल्यूक हॉवर्डने. १७७२ साली लंडनमध्ये जन्मलेला हा मनुष्य व्यवसायाने शास्त्रज्ञ नव्हता. तो क्वेकर पंथाचा, औषधी रसायने तयार करून विकणारा कारखानदार होता. मात्र त्याचे लक्ष सदैव आकाशाकडे लागलेले असे. १८०२ सालच्या डिसेंबरात लंडनमधील एका लहानशा विद्वन्मंडळीपुढे त्याने ढगांवर एक निबंध वाचला आणि क्षणोक्षणी रूप पालटणाऱ्या ढगांना क्यूम्युलस, स्ट्रेटस, सिरस, निंबस अशी लॅटिन नावे दिली. आज जगातील प्रत्येक वेधशाळा तीच नावे वापरते. जर्मन महाकवी गटे या नामकरणाने इतका प्रसन्न झाला, की त्याने हॉवर्डच्या गौरवार्थ कविता रचल्या. ढगांचा नामकर्ता म्हणून हॉवर्डची कीर्ती झाली. त्याचे दुसरे काम त्या कीर्तीच्या सावलीत दडून राहिले. खरे पाहता, माणसाच्या दृष्टीने तेच अधिक मोलाचे ठरले.

लंडनच्या पूर्वेला प्लेस्टो या तेव्हाच्या खेड्यात हॉवर्डचा कारखाना होता. तेथे व पुढे टॉटनहॅम येथे राहत असताना तो तापमापक, वायुभारमापक व पर्जन्यमापक यांची रोजच्या रोज नोंद ठेवीत असे. वर्षे लोटली तसा त्या नोंदींचा ढीग वाढत गेला. १८१८ आणि १८२० साली त्याने ‘लंडनचे हवामान’ या नावाने दोन खंड प्रसिद्ध केले आणि १८३३ साली भर घालून त्याचेच तीन खंड केले. कोणत्याही एका शहराच्या हवामानावर लिहिलेला हा पहिला मोठा ग्रंथ मानला जातो. त्यात पानेच्या पाने नुसते तक्ते आहेत. कथा-कादंबरीच्या वाचकाने तो हाती घेऊ नये. परंतु त्या तक्त्यांमध्ये हॉवर्डने एक साधी, पण पूर्वी कोणी न केलेली गोष्ट केली. लंडन शहराच्या मध्यवस्तीत सॉमरसेट हाउस या इमारतीत रॉयल सोसायटीचे कार्यालय होते आणि तेथेही तापमान नोंदले जात असे. हॉवर्डने आपल्या गावाकडील आकडे आणि हे शहरातील आकडे शेजारी शेजारी ठेवले.

शहर गावापेक्षा उबदार निघाले. एवढ्यावर तो थांबला असता तर त्यात विशेष नवल नव्हते. पण त्याने दिवस आणि रात्र यांची फारकत केली. तेव्हा असे दिसून आले, की रात्री लंडन शहर आसपासच्या गावांपेक्षा सरासरीने ३.७० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे दोन अंश सेल्सियसने अधिक उष्ण असते. आणि दिवसा मात्र ते गावांपेक्षा ०.३४ अंश फॅरनहाइटने किंचित थंडच असते. अर्थात शहर उन्हाने जास्त तापते असे नव्हे. शहर रात्री निवत नाही. पुढील दोनशे वर्षांत या विषयावर जे हजारो निबंध लिहिले गेले, त्यांचे बीज या दोन आकड्यांत आहे.

त्या काळचे लंडन ध्यानात घेतले पाहिजे. १८०१ साली इंग्लंडात पहिली शिरगणती झाली तेव्हा लंडनची वस्ती ९ लाख ६० हजारांच्या घरात होती. १८३१ साली ती साडेसोळा लाखांवर गेली. घरोघरी कोळशाच्या शेगड्या धगधगत होत्या. १८१२ सालच्या जानेवारीत एके दिवशी भरदिवसा कित्येक तास असा काळोख दाटला, की दुकानांतून आणि कचेऱ्यांतून दिवे लावावे लागले, याची नोंद हॉवर्डच्याच दप्तरात आहे. तेव्हा शहराच्या ऊबेचे मूळ त्याने प्रथम या अग्नीत आणि दाट लोकवस्तीत शोधावे हे स्वाभाविक होते. पण तेवढ्याने त्याचे समाधान झाले नाही. उभ्या भिंती उन्हाची उष्णता एकमेकींकडे परतवितात, वाऱ्याला अडथळा होतो, आणि शहरात ओल कमी असल्यामुळे बाष्पीभवनाने येणारा गारवा मिळत नाही, हीही कारणे त्याने नमूद करून ठेवली. त्यांतील एकही कारण पुढच्या संशोधकांना रद्द करावे लागले नाही. फक्त त्यांचे वजन त्यांनी कमीजास्त केले.

या कारणांचा उलगडा करण्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याचे कारण नाही. वैशाखातही माळावर उघड्यावर निजणाऱ्या शेतकऱ्याला पहाटे अंगावर घोंगडी ओढावी लागते. दिवसभर तापलेली जमीन निरभ्र रात्री आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडून देते, आणि वर तिला अडविणारे काही नसते. शहरातील गल्लीत उभे राहून वर पाहिले तर आकाशाची एक चिंचोळी पट्टी तेवढी दिसते. बाकी सर्व भिंती. एका भिंतीने टाकलेली उष्णता समोरची भिंत घेते आणि ती पुन्हा पहिलीकडे फेकते. दगड, विटा, सिमेंट आणि डांबर यांनी दिवसा पोटात साठविलेले ऊन रात्रभर असे घरातल्या घरात फिरत राहते. नीरोच्या काळातील अरुंद गल्ल्या दिवसा थंड होत्या त्या याच भिंतींमुळे, आणि रात्री निवत नसतील तर त्याही याच भिंतींमुळे. टॅसिटसच्या नागरिकांनी निम्मी गोष्टच सांगितली होती.

दुसरी बाजू पाण्याची. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्ची पडते. मातीच्या माठातील पाणी गार राहते ते याच हिशोबाने. आणि हौसेने तैलरंग दिलेल्या माठातील पाणी गार होत नाही तेही याच हिशोबाने, कारण त्याची छिद्रे बुजतात. शेते, कुरणे, झाडे आणि तळी असलेला मुलूख हा पाझरता माठ आहे. त्यावर डांबर आणि काँक्रीट पसरले की त्याचा रंगविलेला माठ होतो. बंगळूर शहराच्या बाबतीत हे फार ठळकपणे दिसते. तेथे नदी नाही. पूर्वजांनी बांध घालून तलावांच्या माळा निर्माण केल्या होत्या. त्यांपैकी धर्मांबुधी तलावाच्या जागी आज मुख्य बसस्थानक आहे आणि संपंगी तलावाच्या जागी क्रीडागार उभे आहे. तलाव बुजविला म्हणजे पाणी गेले एवढेच लोकांच्या लक्षात येते. त्याबरोबर त्या परिसराचे थंड होण्याचे साधनही गेले, हे उन्हाळ्याखेरीज ध्यानात येत नाही.

हॉवर्डनंतरची वाटचाल थोडक्यात सांगता येईल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात एमिलियाँ रनू या फ्रेंच शास्त्रज्ञाने पॅरिसविषयी असेच निष्कर्ष काढले. १९२७ साली व्हिएन्नात विल्हेल्म श्मिट याने मोटारगाडीवर तापमापक बसवून रात्रीच्या वेळी शहरभर फेरी मारली, आणि एका ठिकाणच्या आकड्याऐवजी साऱ्या शहराचा उष्णतेचा नकाशा प्रथमच हाती आला. असा नकाशा काढला म्हणजे समान तापमानाच्या रेषा शहराभोवती बेटाच्या किनाऱ्यासारख्या वळतात. १९५८ साली गॉर्डन मॅन्ली या इंग्रज हवामानशास्त्रज्ञाने आपल्या लेखात ‘उष्णतेचे बेट’ हा शब्दप्रयोग वापरला आणि तो रूढ झाला. पुढे कॅनडातील टिमोथी ओक याने १९७३ साली दाखवून दिले, की उत्तर अमेरिकेत जेमतेम हजार वस्तीच्या गावातही वाराहीन, निरभ्र रात्री हा फरक मोजता येतो, आणि वस्ती दसपट झाली की त्यात सुमारे तीन अंश सेल्सियसची भर पडते. अर्थात माणसांची संख्या ही येथे केवळ खूण आहे. वस्ती वाढली की इमारती उंचावतात आणि गल्लीतून दिसणारे आकाश आक्रसते. खरे कारण तेच, असे ओकनेच पुढे दाखविले.

धुराची हकीकत मात्र वेगळ्या वळणाने गेली. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत लंडनवर थंड हवा निश्चल होऊन बसली आणि शेगड्यांचा व कारखान्यांचा धूर धुक्यात कोंडला. त्या संकटात सुमारे चार हजार माणसे दगावली, असा पहिला अंदाज होता. पुढील अभ्यासकांनी हा आकडा बारा हजारांपर्यंत नेला. १९५६ साली शुद्ध हवेचा कायदा झाला, शेगड्यांतील कोळसा हटला, आणि मध्य लंडनमध्ये हिवाळ्यातले ऊन पुढील काही वर्षांत उघड वाढले. एव्हलिनची मागणी मान्य व्हायला २९५ वर्षे लागली. पण धूर जितक्या लवकर हटला तितक्या लवकर भिंती हटत नाहीत. शुद्ध हवेच्या लंडनमध्येही रात्रीची ऊब कायमच आहे.

येथवरचा विचार शहराच्या वेशीआतला झाला. वेशीबाहेरच्या मुलखावर शहराचा परिणाम होतो काय, हा प्रश्न अधिक अवघड आहे आणि त्याचे उत्तरही वादातूनच निघाले. अमेरिकेत शिकागो आणि गॅरी या पोलाद-कारखान्यांच्या पट्ट्यापासून सुमारे ४८ किलोमीटर पूर्वेला ला पोर्ट नावाचे लहानसे गाव आहे. १९६८ साली स्टॅन्ले चँगनन या शास्त्रज्ञाने असे दाखविले, की १९२५च्या सुमारापासून या गावचा पाऊस शेजारच्या गावांच्या मानाने सतत वाढत गेला आहे आणि १९५१ ते १९६५ या काळात तो ३१ टक्क्यांनी अधिक भरतो. वाऱ्याच्या दिशेने शिकागोच्या पुढे असलेल्या गावावर शहराने आपल्या वाट्याचे ढग ढकलावेत, ही कल्पना अनेकांना पटेना. काहींनी तर गावातील निरीक्षकाच्या मोजणीवरच संशय घेतला. हा वाद मिटविण्यासाठी १९७१ ते १९७५ या पाच वर्षांत सेंट लुई शहराभोवती पर्जन्यमापकांचे जाळे पसरून, विमाने व रडार वापरून मोठी पाहणी झाली. तीत उन्हाळ्यातील पाऊस शहराच्या पुढे, वारा जातो त्या बाजूला ५ ते २५ टक्क्यांनी वाढलेला आढळला. शहरावरची तापलेली हवा वर चढते, उंच इमारती वाऱ्याला खडबडीत वाट देतात, आणि मुळात पडायच्या बेतात असलेला मेघ थोडा अधिक बळावतो. त्याच्या सरी मात्र शहराला नव्हे, पुढच्या शेतांना मिळतात.

हिंदुस्थानात या प्रश्नाची पार्श्वभूमी मुंबईच्या कुलाब्याला आहे. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली उभारली ती जहाजांना अचूक वेळ कळावी आणि आकाशस्थ ग्रहताऱ्यांचे वेध घेता यावेत म्हणून. १८४१ पासून तेथे हवामानाची आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाची नियमित नोंद होऊ लागली. तेव्हा कुलाबा हे दोन्ही बाजूंना समुद्र असलेले, शहरापासून काहीसे अलग पडलेले टोक होते. शहर हळूहळू त्याच्यापर्यंत येऊन पोहोचले. १८७४ साली घोड्यांच्या ट्रामगाड्या सुरू झाल्या, त्यांचा वेधशाळेला उपद्रव नव्हता. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी त्या विजेवर चालविण्याचे ठरले, तेव्हा वेधशाळेवर बिकट प्रसंग आला. ट्रामच्या तारांतून वाहणाऱ्या विद्युत्प्रवाहामुळे चुंबकसूची थरथरणार आणि साठ वर्षांची अखंड नोंद निरुपयोगी होणार, हे उघड होते.

वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांनी यातून मार्ग काढला. समुद्रापलीकडे अलिबाग येथे लोखंडाचा अंशही नसलेल्या पोरबंदरी दगडाची नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली आणि १९०४ साली तेथे काम सुरू झाले. दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन मूस यांनी जुना आणि नवा क्रम सांधून टाकला. मगच, १९०७ साली, मुंबईत विजेची ट्राम धावली. १९६४ साली ती ट्राम बंदही पडली. अलिबागची वेधशाळा मात्र तेथेच आहे, आणि कुलाब्यापासून जोडलेली तिची नोंद जगातील दीर्घ नोंदींत गणली जाते.

चुंबकसूची अलिबागला गेली. तापमापक कुलाब्यालाच राहिला. त्याला शहराचा त्रास होत असेल, असे कोणाच्या मनात आले नाही. कुलाब्याच्या बाबतीत हे एका परीने ठीकच झाले, कारण तेथील पाऱ्यावर शहरापेक्षा समुद्राची हुकमत अधिक चालते. हिवाळ्याच्या पहाटे सांताक्रूझचा पारा कुलाब्यापेक्षा पुष्कळ खाली असतो याचे श्रेय वा दोष प्रामुख्याने समुद्राचा. दक्षिण मुंबईच्या इमारतींच्या माथी तो सगळा मारणे अन्यायाचे होईल. पुण्याची गोष्ट वेगळी. शिवाजीनगरची वेधशाळा आज भर वस्तीत आहे आणि टेकड्यांच्या कुशीतील पाषाणचा किमान तापमानाचा आकडा थंडीच्या दिवसांत अनेकदा तिच्याहून खाली असतो. वृत्तपत्रे दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापतात. हॉवर्डने सॉमरसेट हाउस आणि प्लेस्टो यांचे आकडे ठेवले होते तसेच. १९७३च्या सुमारास पुणे आणि मुंबई या शहरांच्या तापमानक्षेत्रांचा अभ्यास भारतीय हवामान खात्याच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि या देशात या विषयाला रीतसर आरंभ झाला असे म्हणता येते.

मुंबईचे नाव निघाले म्हणजे २६ जुलै २००५चे स्मरण होणे अपरिहार्य आहे. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि काही कोसांवरील कुलाब्याला ७५ मिलिमीटरही पडला नाही. असा पाऊस शहराने ‘पाडला’ असे म्हणण्याचा मोह अनेकांना झाला. त्यास आधार नाही. एवढा मेघ उभा करण्याचे सामर्थ्य अरबी समुद्रावरच्या मोसमी वाऱ्यात आहे, गिरगाव-दादरच्या भिंतींत नाही. शहराचा हात दिसतो तो पाऊस जमिनीवर आल्यानंतर. मिठी नदीचे पात्र भराव आणि बांधकामे यांनी आवळले होते, काठची दलदल बुजविली गेली होती, आणि पाण्याला जाण्यास वाट उरली नव्हती. पाऊस निसर्गाचा आणि पूर शहराचा, हा भेद राखला नाही तर दोहोंपैकी एकाचाही उपाय होत नाही.

उत्तर हिंदुस्थानात शहराच्या प्रभावाची एक अगदी चित्रासारखी साक्ष मिळाली आहे. हिवाळ्यात पंजाबपासून बंगालपर्यंत गंगेच्या मैदानावर धुक्याची सलग चादर पसरते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अनेक वर्षांची उपग्रहचित्रे तपासली गेली, तेव्हा त्या चादरीला नेमके दिल्लीच्या जागी भोक पडलेले आढळले. शहराच्या उष्णतेमुळे तेथील धुके विरळ होते किंवा लवकर विरते. यावरून दिल्लीकरांनी समाधान मानावे असे मात्र नाही. जो धूर श्वासाबरोबर त्यांच्या छातीत जातो, त्याचेच कण आसपासच्या धुक्याला दाट करण्यास मदत करतात. एकच शहर एका हाताने धुके पुसते आणि दुसऱ्या हाताने पसरते.

हॉवर्डच्या दुसऱ्या, लहान आकड्याकडे येथे पुन्हा वळले पाहिजे. दिवसा शहर किंचित थंड असते, हे त्याचे निरीक्षण युरोपातील अभ्यासकांनी बहुधा दुय्यम मानले. भारतात त्याला अनपेक्षित महत्त्व आले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या उपग्रह-पाहणीत असे दिसले, की चैत्र-वैशाखात भारतातील बहुसंख्य शहरांचा पृष्ठभाग भरदुपारी आसपासच्या खेड्यांपेक्षा थंड असतो. कारण सोपे आहे. रब्बीची पिके निघून गेलेली असतात, शेते उघडी आणि कोरडी पडलेली असतात, आणि त्यांच्या मानाने शहरातील झाडे, बागा व इमारतींच्या सावल्या हाच काय तो गारवा उरतो. सूर्य मावळला की पारडे फिरते. उघडे शेत भराभर निवते. शहर निवत नाही. लंडनच्या थंड, धुरकट हवेत सापडलेला दिवस-रात्रीचा विरोध गुजरात-राजस्थानच्या रखरखाटात अधिकच ठसठशीत होऊन समोर आला.

जगाचे वाढते तापमान ही केवळ वेधशाळांभोवती वाढलेल्या शहरांची माया आहे काय, अशी शंका काहींनी घेतली होती. तिचा निकालही रात्रीच्याच साक्षीने लागला. शहराची ऊब निवांत रात्री साचते, वारा सुटला की उडून जाते. तेव्हा तापमानवाढ शहरांमुळे भासत असेल, तर वाऱ्याच्या रात्री ती कमी दिसली पाहिजे. डेव्हिड पार्कर या इंग्रज शास्त्रज्ञाने २००४ साली जगभरच्या नोंदी अशा दोन राशींत वेगळ्या केल्या. दोन्ही प्रकारच्या रात्री सारख्याच वेगाने तापत गेल्या होत्या. तात्पर्य, पृथ्वी तापते आहे ती वेगळ्या कारणांनी. शहर त्यावर आपली भर घालते. ही भर पृथ्वीच्या सरासरीत फार थोडी दिसते. परंतु कोणीही मनुष्य पृथ्वीच्या सरासरीत राहत नाही. २०११च्या शिरगणतीनुसार भारतातील शेकडा ३१ लोक शहरांत राहत होते, आणि त्यांच्या वाट्याला दोन्ही रकमांची बेरीज येते.

ती बेरीज किती होते हे अहमदाबादने अनुभवले. २१ मे २०१० रोजी तेथे पारा ४६.८ अंश सेल्सियसवर गेला. मागाहून झालेल्या अभ्यासात असे निघाले, की त्या एका महिन्यात शहरात नेहमीच्या मानाने १,३४४ मृत्यू अधिक झाले. जुन्या अहमदाबादच्या ‘पोळां’मध्ये गल्ल्या अरुंद आहेत, घरे एकमेकांच्या सावलीत उभी आहेत आणि आत चौक आहे, उन्हाचा विचार करूनच ती वस्ती बसविली गेली. पत्र्याच्या छपराखालच्या कष्टकऱ्यांच्या वस्त्यांना यातले काहीच मिळाले नाही. ज्यांना परवडते ते वातानुकूलन यंत्र बसवितात. पण ते यंत्र खोलीतील उष्णता नाहीशी करीत नाही. ती खिडकीबाहेर, गल्लीत टाकते. अमेरिकेतील फिनिक्स शहराविषयी २०१४ साली झालेल्या गणितानुसार, नुसत्या या यंत्रांनी बाहेर टाकलेल्या उष्णतेने रात्रीचे तापमान काही भागांत एक अंश सेल्सियसहून अधिक वाढते. एकाची झोप दुसऱ्याच्या उकाड्यावर उभी राहते.

अहमदाबाद महानगरपालिकेने २०१३ साली उष्णतेशी मुकाबला करण्याची योजना अमलात आणली. दक्षिण आशियातील ती पहिलीच. धोक्याची सूचना आधी देणे, पाणपोया उघडणे, दवाखान्यांत तयारी ठेवणे, पुढे गरिबांच्या छपरांना पांढरा रंग देणे, असे तिचे साधेसुधे स्वरूप आहे. तेथील एका रुग्णालयात नवजात अर्भकांचा कक्ष तापणाऱ्या वरच्या मजल्यावरून खाली हलविला, तेव्हा उष्णतेने आजारी पडणाऱ्या बालकांची संख्या घटली. या योजनेतील पिवळी, नारिंगी व लाल अशी इशाऱ्यांची श्रेणी मात्र दिवसाच्या कमाल तापमानावरून ठरविलेली होती.

रात्रीची गणना अलीकडे सुरू झाली. कमाल तापमान ४० अंश किंवा त्याहून अधिक असताना किमान तापमान नेहमीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी वर राहिले, तर भारतीय हवामान खाते तिला ‘उष्ण रात्र’ म्हणते. त्याहूनही वर राहिले तर ‘अतिउष्ण रात्र’. उन्हाळ्यातील बातमीपत्रात आता या शब्दांची नोंद उष्णतेच्या लाटेबरोबर वेगळी केली जाते.